सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर, विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात, रस्त्याकडेची झाडं गुलाबी होतात. टॅबेबुया रोझिया हे त्यांचं शास्त्रीय नाव. मूळची मध्य अमेरिकेतली ही झाडं मुंबईत शोभेसाठी लावली गेली. पानं झडून गेलेली असतात, त्यामुळे फांदीभर नुसती फुलंच दिसतात. दरवर्षी वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रं येतात, मोबाइलवर त्याहून जास्त फिरतात. यातली बरीचशी गाडीच्या काचेतून काढलेली असतात, कारण गाडी कोंडीत अडकलेली असते. मुंबईकराला वसंत भेटतो तो वाहतूक कोंडीच्या कृपेने, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

याच दिवसांत 'मार्च एंड' असतो. इंग्रज सरकारने 1867 मध्ये हिंदुस्थानचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलपासून सुरू केलं आणि फाल्गुन-चैत्राची गाठ ताळेबंदाशी पडली ती कायमची. बँकांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे, विक्रीची टार्गेटं, कर वाचवण्याची शेवटची धावपळ, सरकारी कचेऱ्यांत निधी संपवायची घाई. दहावी-बारावीच्या परीक्षाही तेव्हाच. सह्याद्रीत त्या वेळी पळस, पांगारा आणि सावर निष्पर्ण फांद्यांवर फुललेले असतात, कुसुंबाला लालभडक पालवी आलेली असते, पिंपळाची कोवळी पानं तांबूस चमकत असतात. वर्षातला सगळ्यात देखणा ऋतू आणि नोकरदाराचा सगळ्यात वाईट महिना असे हातात हात घालून येतात.

यावर सध्याचा उपाय सगळ्यांना पाठ आहे: जरा थांबा, श्वासाकडे लक्ष द्या, मुलांशी बोला, झाडाकडे बघा. त्यासाठी अ‍ॅप आहेत, शनिवार-रविवारची शिबिरं आहेत, डोंगरात महागडी 'रिट्रीट' आहेत. सल्ल्यात वाईट काहीच नाही. पण त्यात एक मेख आहे. तुम्ही थांबला नाहीत तर तो तुमचा दोष ठरतो, तुमच्या मनाची कमजोरी ठरते. संध्याकाळी आठ वाजता साहेबांनी बैठक लावली म्हणून मुलीचं गाणं ऐकायचं राहिलं, तर उपाय काय? सकाळी दहा मिनिटं ध्यान.

थांबणं हा खरोखर एकट्या माणसाच्या मनाचा गुण आहे, की ती समाजाने लावून दिलेली व्यवस्था आहे? प्रश्न जुना आहे आणि धर्मपरंपरांनी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. बहुतेकांचा कौल व्यवस्थेच्या बाजूने पडलेला दिसतो.

भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगतात, तेव्हा मोजदाद करणाऱ्यांमध्ये ते स्वतःला काळ म्हणवतात आणि पाच श्लोकांनंतर ऋतूंमध्ये वसंत. पुढच्याच अध्यायात विश्वरूप दाखवताना तोच काळ सगळं गिळणारा होऊन समोर उभा राहतो. 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी हे सगळं मराठीत आणलं. कीर्तनांत या दोन विभूती सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. एकत्र वाचल्या तर मात्र अडचण होते. दिवस मोजून संपवणारा आणि फुलं आणणारा एकच असेल, तर काळाच्या बाहेर पळून जाऊन वसंत सापडणार नाही. त्याच मोजपट्टीवर कुठेतरी खूण करून त्याला जागा द्यावी लागेल.

पंचांग हेच तर करतं. पंचांगाइतका हिशेबी ग्रंथ दुसरा नाही: तिथीचा क्षय, तिथीची वृद्धी, घटिका, पळं. इतका काटेकोर हिशेब चालतो तो कशासाठी, तर अमुक दिवस बाकीच्यांसारखा नाही, हे सगळ्या गावाला एकदम कळावं म्हणून. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये 'कालनिर्णय' काढलं तेव्हा हा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर आला. त्याच चौकटींत दुधाचे लिटर आणि सिलिंडरची तारीखही लिहिली जाऊ लागली, हे त्या हिशेबाला साजेसंच झालं.

या व्यवस्थेचा जिवंत नमुना पाहायचा तर रत्नागिरी जिल्ह्यातला शिमगा पाहावा. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, तो सुरू होतो. काही गावांचा मुख्य दिवस त्रयोदशीचा, तो तेरसा शिमगा. काहींचा पौर्णिमेचा, तो भद्रा. ग्रामदेवतेची रूपं पालखीत बसतात, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, पालखी येते, होळी उभी राहते, आणि मग पालखी गावातल्या घराघरांत जायला निघते. एरवी माणसं देवळात जातात, इथे देव माणसांच्या घरी येतो. कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी जायचं ते ठरलेलं असतं. मुंबईतला चाकरमानी रजेचा अर्ज करतो तो त्या दिवसासाठी. कोकण रेल्वेला होळीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागतात. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, खळं झाडून-सारवून घेतलं जातं, आणि सगळे वाट बघत बसतात.

कारण पालखी वेळेवर येत नाही. ती आदल्या घरी नाचवली जाते, तिथे ओट्या भरल्या जातात, कोणाचा नवस फेडला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं. संध्याकाळी येणारी पालखी मध्यरात्रीनंतरही येऊ शकते. या मधल्या तासांत करण्यासारखं काहीच नसतं. चुलत भाऊ अंगणात बसून जमिनीच्या वाटणीवरून निम्मं भांडतात, निम्मं हसतात. सुरतेला किंवा ठाण्याला वाढलेली पोरं पिकलेली काजूची बोंडं खाऊन शर्ट डागाळून घेतात. म्हातारी आत्या कोण कोणाचा कोण ते पुन्हा पहिल्यापासून सांगते. हापूसच्या कलमांना कैऱ्या लागलेल्या असतात, रात्री वाऱ्यावर काजूच्या मोहोराचा वास येतो. यातलं कोणीही 'वसंत अनुभवायला' आलेलं नसतं. ते आलेले असतात पालखीचा दिवस हलवता येत नाही म्हणून. वसंत आणि घरची माणसं त्यांना त्या वाट बघण्यात आपसूक मिळून जातात.

या चित्राला सोवळं समजायचं कारण नाही. पालखीचा मान कोणाचा, आधी कोणाच्या दारात, यावरून कोर्टात गेलेली गावं आहेत. जातीची उतरंड मानपानात अजून टिकून आहे. जी व्यवस्था माणसांना थांबवते तीच त्यांना पायरीवरही बसवते, हे विसरून शिमग्याचं कौतुक करणं अप्रामाणिक होईल. पण एक गोष्ट खरी: मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक हात पुरवणाऱ्या भागांमध्ये रत्नागिरी जिल्हा होता, आणि सणासुदीला कामगार गावी जाऊन बसतात ही गिरणीमालकांची कायमची तक्रार होती. मालकांना जो बेशिस्तपणा वाटत होता, ती दुसऱ्या एका वेळापत्रकाची शिस्त होती.

त्याच किनारपट्टीवर, थोडं उत्तरेला, आणखी जुनं उदाहरण आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या टापूत शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्रायली लोक तेलाचा धंदा करायचे. मराठी बोलायचे, गावांवरून पेणकर, किहीमकर अशी आडनावं लावायचे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज तिथे पोहोचले, अशी त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ त्यांच्याजवळ राहिले नव्हते, बराचसा आचार विसरला गेला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. शनिवारी घाणा फिरवायचा नाही. शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिलं, शनिवार तेली. अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू विचारवंताने 1951 मध्ये शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ज्यू धर्माने पावित्र्य जागेपेक्षा काळात शोधलं, असा त्यात त्याचा मुद्दा आहे. कोकणातल्या त्या तेल्यांनी हे पुस्तक लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधी सिद्ध करून दाखवलं होतं. मंदिर नाही, ग्रंथ नाही, पण बंद घाण्याचा एक दिवस टिकला, आणि त्या दिवसाने सगळा समाज टिकवला.

असा दिवस त्यांना कोणाकडे मागावा लागला नाही, कारण घाणा स्वतःचा होता. यंत्र दुसऱ्याचं असेल तर काय करायचं, याचं उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांनी शोधलं. जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा गिरण्यांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. यंत्र साफ करायला थांबलं तर कामगाराला उसंत, आणि पुष्कळदा ती साफसफाईही त्यानेच करायची. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 रोजी झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, हा आधारही या मागणीला होता, असं कामगार चळवळीच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. इंग्रजांचा चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या मल्हारीचा दिवस एकच निघावा, हा योगायोग लोखंड्यांच्या पथ्यावर पडला. 2005 मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. पण रविवारी सकाळी दहा वाजता पोहे खाताना त्यांची आठवण काढणारं घर विरळाच.

ध्यानाच्या अ‍ॅपने जे साधत नाही ते या माणसाने साधलं, कारण त्याने प्रत्येकाला वेगळं थांबायला सांगितलं नाही. सगळ्यांना एकाच वाराला थांबवलं.

एकाच वाराला, हे महत्त्वाचं का, ते सोव्हिएत रशियाने पैसे मोजून शिकून घेतलं. 1929 मध्ये तिथे अखंड उत्पादनाची योजना आली. सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येकाला एक रंग दिला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी, म्हणजे कारखाना कधीच थांबू नये. हिशेबाने पाहिलं तर सुट्ट्या वाढल्या होत्या, सातात एक होती ती पाचात एक झाली. रविवार नाहीसा झाल्याने चर्चही ओस पडेल, हा सरकारचा दुसरा डाव होता. झालं असं की नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा, मुलांच्या शाळेचा तिसरा. घर एकत्र येईनाच. 1931 मध्ये ही पद्धत बदलून सगळ्यांसाठी समाईक सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला, आणि 1940 मध्ये सात दिवसांचा आठवडा आपला रविवार घेऊन परत आला. देव न मानणाऱ्या राजवटीलाही सगळ्यांनी मिळून पाळायचा एक वार लागलाच.

आता महाराष्ट्राकडे बघू. दुकाने व आस्थापनांविषयीचा 2017 चा कायदा दुकानं वर्षाचे सगळे दिवस आणि रात्रंदिवस उघडी ठेवायला मुभा देतो. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी मिळाली पाहिजे, ती आलटूनपालटून दिली तरी चालते. कायदा अन्यायाचा नाही. सुट्टी कोणाची काढून घेतलेली नाही. पण मॉलमध्ये काम करणाऱ्या आईची सुट्टी मंगळवारी, अमेरिकी वेळेवर काम करणाऱ्या बाबांची शनिवारी, मुलाच्या शाळेची रविवारी, असं घर पुण्यात किंवा ठाण्यात शोधायला लांब जावं लागत नाही. रंगांच्या चिठ्ठ्या न वाटताही तो रशियन आठवडा हळूच घरात आला आहे. अशा घराला 'एकमेकांना वेळ द्या' असं सांगणं म्हणजे वेगवेगळ्या गाड्यांत बसलेल्यांना गप्पा मारा म्हणण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी यातून आपली वाट काढली. पाडवा बुधवारी आला की तिथे गुढीचा कार्यक्रम जवळच्या शनिवारी-रविवारी ढकलला जातो. तिथीच्या अभिमान्यांना ते खटकतं. पण त्या मंडळांनी जे सोडलं आणि जे धरून ठेवलं त्यात तारतम्य आहे. तिथी सोडली, सगळ्यांनी एकत्र येणं सोडलं नाही.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो घेणारा साधासुधा माणूस नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी 1295 मध्ये समाधिस्थ झाले. मळ्यातलं काम सोडून ते पंढरपूरला गेले नाहीत अशी परंपरा सांगते. त्यांना मळ्यातच विठ्ठल दिसत होता. मग वेगळा दिवस कशाला? काम करता करताच लक्ष जागं ठेवावं, हे उत्तर वारकरी परंपरेत मोलाचं मानलं जातं, आणि आजचे सल्लागारही थोड्याफार फरकाने तेच सांगतात. सावतोबांचं म्हणणं खोटं ठरवायची कोणाची छाती नाही. फक्त त्यांच्या कामात आणि आजच्या कामात एक फरक आहे. मळ्याचं काम ऋतूच्या मागे चालतं. पाणी कधी द्यायचं, खुरपणी कधी करायची हे झाडच सांगतं. सावता माळ्याला वसंत बघायला डोळे वर करावे लागत नव्हते, तो त्याच्या हातात होता. वातानुकूलित मजल्यावर, पडदे ओढलेल्या खिडकीशी, दुसऱ्या खंडाच्या घड्याळावर काम करणाऱ्याला कामातच वसंत शोध म्हणणं ही सावतोबांच्या नावाने केलेली थट्टा आहे.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 मध्ये आलं. त्याची रचना मराठी महिन्यांवर आहे, प्रत्येक महिन्याला एक लेख. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाकडे बघायचं, हे ठरवून देणारं असं दुसरं मराठी पुस्तक मिळणं कठीण. बाईंची विद्वत्ता आणि नजर सगळ्यांकडे नसते. पण बघायलाही वेळापत्रक लागतं, एवढं त्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरूनही कळतं.

आता खरी अवघड गोष्ट. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर, घरोघर तिचं हळदीकुंकू होतं. अंगणात चैत्रांगण काढायचं, गौरीपुढे आरास करायची, आल्या-गेल्याला आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. कल्पना सुंदर आहे. माहेरी आलेली देवी महिनाभर झोपाळ्यावर बसून आहे, तिला काही काम नाही. पण तिच्यासाठी हरभऱ्याची डाळ भिजत कोण घालतं? वाटतं कोण? कैऱ्या कोण किसतं, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर कोण काढतं, पन्नास पेले कोण विसळतं? 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं आढळलं, करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. आणि ते करणारे पुरुष होते जेमतेम चौथा हिस्सा. सणाच्या दिवशी हे अंतर कमी होत नाही, उलट वाढतं, हे सांगायला पाहणी नको. घरातले बाकीचे थांबतात ते एक माणूस थांबत नाही म्हणून. शिमग्याच्या अंगणात भावांच्या गप्पा रंगतात, तेव्हा चुलीपाशी कोण असतं, हाही प्रश्न तोच.

यावर परंपरेचं सगळ्यात समंजस उत्तर जनाबाईच्या गोष्टीत आहे. नामदेवांच्या घरची ही दासी. दळण, कांडण, शेण-गोवऱ्या, सगळं तिच्याकडे. विठ्ठल तिच्याकडे येतो तेव्हा तो तिला जरा थांब, माझ्याकडे लक्ष दे, असं म्हणत नाही. जात्याचा खुंटा धरून तो दळू लागतो. तिच्याबरोबर गोवऱ्या वेचतो. तिचं डोकं विंचरून देतो. या कथांना चमत्कार म्हणून हात जोडून बाजूला ठेवणं सोपं आहे. त्यांतला विचार कडक आहे: ज्याला दुसऱ्याची सवड हवी आहे, त्याने आधी त्याच्या कामाचा अर्धा भार उचलावा. सातशे वर्षांत या कथेची भजनं झाली, नाटकं-चित्रपट झाले. पण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसायची चाल काही पडली नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू कोणत्याही दिवशी करता येतं. महिनाभराच्या मुदतीत चार तरी रविवार मिळतात. कालनिर्णयवर त्यातला एक निवडावा, घरातल्या सगळ्यांनी आपापल्या कचेरीत तीच तारीख आजच सांगून ठेवावी, आणि डाळ भिजत घालण्यापासून पेले विसळण्यापर्यंतचं काम घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावं. कैरी किसायला फार शिकावं लागत नाही.